कारखान्याच्या वहीत नदीचे पान

दिवाळीत व्यापारी वहीची पूजा करतो याची परक्या माणसाला गंमत वाटते. लक्ष्मीचे एक समजण्यासारखे आहे. पण कोऱ्या कागदांची पूजा ती काय करावयाची? ज्याने कधी दुकान चालविले आहे त्याला मात्र त्यात गमतीसारखे काही दिसत नाही. किती आले यापेक्षा कोठून आले आणि कोठे गेले हे ज्याला सांगता येते त्याच्याकडेच लक्ष्मी मुक्काम करते, असा त्या पूजेचा साधा अर्थ आहे. आता हिशेब संगणकात गेला आणि वर्ष ३१ मार्चला संपू लागले. तरी ठाण्याच्या जांभळी नाक्यावर आणि कल्याणच्या बाजारात दिवाळीच्या आधी लाल कापडी पुठ्ठ्याच्या चोपड्या अजून मांडलेल्या दिसतात.

या चोपडीत एक पान मात्र आजवर कोरेच राहत आले. कारखानदाराने रंग आणला, त्याची नोंद झाली. कोळसा आणला, त्याची झाली. मजुरी दिली, तीही नावे पडली. पण नदीतून उपसलेले पाणी किती होते, त्यातले किती रंगीत होऊन नाल्याला गेले, धुराड्यातून काय बाहेर पडले आणि बॉयलरपाशी उभ्या असलेल्या कंत्राटी माणसाला वर्षात किती वेळा भाजले, हे त्या वहीत कोणी लिहीत नसे. जे फुकट आले आणि फुकट गेले त्याचा हिशेब कशाला, असा त्यामागचा विचार. गेल्या दहापंधरा वर्षांत जगभर या कोऱ्या पानाची चौकशी सुरू झाली आहे. बड्या कंपन्यांना पैशांच्या ताळेबंदाबरोबर हा दुसरा ताळेबंदही प्रसिद्ध करावा लागतो. इंग्रजीत त्याला ‘सस्टेनेबिलिटी रिपोर्ट’ म्हणतात आणि आपल्याकडे त्याचे ‘शाश्वतता अहवाल’ असे भाषांतर रूढ होऊ पाहत आहे.

मराठी शिकविण्याचा धंदा असल्यामुळे या शब्दापाशी मला थोडे थांबणे भाग आहे. शाश्वत म्हणजे ज्याला अंत नाही ते. आत्मा शाश्वत असेल. पण डोंबिवलीचा रंगकारखाना शाश्वत आहे असे त्याचा मालकदेखील म्हणणार नाही. त्यापेक्षा रंगाऱ्यांच्याच बोलण्यातला एक शब्द कितीतरी चांगला होता. कितीही धुतला तरी जो जात नाही तो रंग पक्का. आणि कच्च्या खर्ड्यावरून तपासून, मेळ घालून उतरविलेली वही तीही पक्कीच. या नव्या अहवालाला ‘पक्का हिशेब’ म्हटले असते तर एमआयडीसीतल्या शेठना तो एका दमात कळला असता, आणि आपल्याला यातून काय मिळणार हा त्यांचा प्रश्न इतकी वर्षे लोंबकळत राहिला नसता.

तो प्रश्न रास्त आहे. धंदा करणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे. आणि त्याचे उत्तर शोधावयास ठाणे-कल्याणच्या टापूसारखी दुसरी जागा नाही.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ च्या ऑगस्टात स्थापन झाले आणि त्याच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी एक म्हणजे ठाण्याची वागळे इस्टेट. डोंबिवलीची वसाहत त्याच दशकातली. पुढे दोघींची नशिबे फाटली. ठाण्यात जमिनीला भाव आला. १९२५ पासून ज्या जागेवर रेमंडची लोकरीची गिरणी होती तेथे आज उंचच उंच इमारती आहेत. वागळे इस्टेटीत यंत्रांच्या खडखडाटाच्या जागी बरेचसे काचेचे तावदान आणि संगणक आले. डोंबिवलीत कारखाने राहिले आणि माणसेही राहावयास आली. पहिल्या फेजमध्ये प्रामुख्याने कापडाची धुलाई, रंगाई आणि छपाई. दुसऱ्या फेजमध्ये रसायने. आणि मध्ये, बाजूला, समोर, जेथे जागा मिळेल तेथे मध्यमवर्गाच्या सोसायट्या. सकाळी दूध घ्यावयास निघालेला माणूस वाऱ्याची दिशा वासावरून ओळखतो, असे हे गाव आहे.

येथे प्रदूषणाचे आकडे अहवालात शोधावे लागले नाहीत. ते रस्त्यावर येऊन उभे राहिले. २०१४ च्या जानेवारीत डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला. २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला आणि तो पाहावयास खुद्द मुख्यमंत्र्यांना यावे लागले. या दोहोंच्या मध्ये, २०१५ च्या जुलैत, उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या दुर्दशेबद्दल ‘वनशक्ती’ या संस्थेने नेलेल्या दाव्यात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने नगरपालिका आणि सामुदायिक सांडपाणी केंद्रे यांना कोट्यवधींचा दंड ठोठावला. आणि पुढल्याच वर्षी येथील अनेक कारखान्यांना काम थांबविण्याचे हुकूम निघाले. ज्या दिवशी कारखाना बंद राहतो त्या दिवशीही व्याज, भाडे आणि कायम कामगारांचा पगार चालूच असतो. नाल्यातले पाणी कोणाच्याच वहीत नव्हते. पण त्याची उधारी शेवटी वहीतूनच वसूल झाली.

आता हा रंग नाल्यात जातो कसा ते पाहू, कारण सगळी गोष्ट तेथे आहे. भिवंडीच्या मागावरून आलेले कोरे कापड प्रथम उकळून, विरंजन करून शुभ्र करावे लागते. मग ते जिगरवर किंवा जेटमध्ये रंगते. सुती कापडाला हल्ली जे रंग वापरतात ते धाग्याशी रासायनिक गाठ बांधतात. पण सगळा रंग काही ही गाठ बांधत नाही. बेत उत्तम जमला तर शंभरातले ऐंशी-नव्वद भाग कापडाला लागतात. बिघडला तर साठ-सत्तर. उरलेला रंग, आणि तो कापडाकडे ढकलावा म्हणून ओतलेले मीठ, पुन्हा पुन्हा गरम पाण्याने धुऊन काढावे लागते. म्हणजे नाल्याला जो रंग दिसतो तो कारखानदाराने रोख पैसे मोजून विकत घेतलेला रंग असतो, आणि तो गरम पाण्यात, म्हणजे त्याच्याच कोळशात, विरघळलेला असतो. लोक म्हणतात नाला रंगला; व्यापाऱ्याने म्हणावे, माझी गोणी फाटली.

हे शब्दांनी पटत नसेल तर थोडा हिशेब करू. हजार लिटर पाणी तीस अंशांवरून नव्वद अंशांपर्यंत तापवावयाचे तर साठ हजार किलोकॅलरी उष्णता लागते. किलोला चार हजार किलोकॅलरी देणारा साधा कोळसा घेतला आणि बॉयलर व नळांत चौथा भाग वाया गेला असे धरले, तर किलोमागे तीन हजार हाती लागतात. म्हणजे हजार लिटरांना वीस किलो कोळसा. तेवढ्या कोळशातून सुमारे बत्तीस किलो कार्बन डायॉक्साइड आभाळात जातो. आता समजा, एक बेताचा कारखाना असे पन्नास हजार लिटर गरम पाणी रोज धुऊन टाकतो. रोजचा एक टन कोळसा झाला. वर्षाचे तीनशे दिवस धरा आणि कोळसा आठ रुपये किलो धरा: तीनशे टन आणि चोवीस लाख रुपये. बाहेर जाणाऱ्या गरम पाण्याच्या नळाशेजारून आत येणारे थंड पाणी नेले आणि निम्मी उष्णता परत मिळविली, तर बारा लाख रुपये वाचले, दीडशे टन कोळसा वाचला आणि अहवालाच्या कार्बनच्या रकान्यात दोनशे चाळीस टनांची घट झाली. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. ज्याचा त्याने आपला भाव आणि आपले पाणी घालून पाहावे. पण एक पाण्याचा मीटर आणि एक तापमापक यांनी अहवालाचे तीन रकाने आणि तिजोरीचा एक कप्पा कसा भरतो ते यावरून दिसेल.

मौजेची गोष्ट अशी की सरकारने हाच प्रश्न कारखानदाराला फार पूर्वी विचारलेला आहे. पर्यावरण संरक्षण नियमांखाली १९९२-९३ पासून ‘फॉर्म पाच’ नावाचे एक वार्षिक विवरणपत्र ठरलेले आहे. प्रदूषण मंडळाचे संमतिपत्र ज्यांना घ्यावे लागते त्यांनी ते दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आत द्यावयाचे असते. उत्पादनाच्या प्रत्येक नगामागे पाणी किती लागले, मागील वर्षी किती, यंदा किती, असे त्यात रकाने आहेत. आणि पुढे एक प्रश्न आहे तो मुद्दाम वाचण्यासारखा: प्रदूषण कमी करण्यासाठी जे केले त्याचा नैसर्गिक साधनांच्या बचतीवर आणि उत्पादनखर्चावर काय परिणाम झाला? अहवालातून धंद्याला काय मिळते यावर आज परिषदा भरतात. हा फॉर्म तीस वर्षांपासून तेच विचारतो आहे. त्याचे उत्तर काय जाते असे मी एका जाणत्याला विचारले. तो म्हणाला, “मागच्या वर्षी गेले तेच.”

हा जाणता म्हणजे माझा एक जुना विद्यार्थी. पदवीला त्याने मराठी घेतले होते. पुढे पोटासाठी पर्यावरणाची एक पदविका केली, आणि आता तो डोंबिवलीहून रोज लोकलला लोंबकळत ठाण्याला जातो आणि वागळे इस्टेटीतल्या एका कचेरीत बसून बड्या कंपन्यांचे हे अहवाल जुळवतो. या लेखातली व्यवहाराची माहिती बरीचशी त्याच्याकडून मिळालेली आहे, मते माझी.

कायद्याची वाट त्याने मला थोडक्यात समजावून दिली. २०११ साली केंद्राने कंपन्यांसाठी ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०१२ साली सेबीने पहिल्या शंभर नोंदलेल्या कंपन्यांना ‘जबाबदारीचा अहवाल’ द्यावयास सांगितले. ही संख्या पुढे पाचशे आणि मग हजार झाली. २०२१ साली तो अहवाल मोडून नवा, आकड्यांचा, लांबलचक नमुना आला आणि २०२२-२३ पासून तो पहिल्या हजार कंपन्यांना सक्तीचा झाला. २०२३ च्या जुलैत त्यातले महत्त्वाचे नऊ विषय वेगळे काढून त्यांची त्रयस्थाकडून तपासणी करावी असे ठरले: प्रथम दीडशे कंपन्यांनी, मग अडीचशे, पाचशे आणि २०२६-२७ साठी पूर्ण हजार.

डोंबिवलीचा रंगारी या हजारांत नाही. मग त्याने काळजी का करावी? कारण त्याचे कापड जो घेतो तो कदाचित असेल, किंवा त्याचाही गिऱ्हाईक असेल. ज्या पुरवठादाराकडून कंपनी आपल्या एकूण खरेदीच्या दोन टक्के किंवा अधिक माल घेते, त्याचेही पाणी, वीज, कचरा आणि अपघात यांचे आकडे द्यावेत, असे पहिल्या अडीचशे कंपन्यांना सांगण्यात आले. हे सुरू व्हावयाच्या सुमारास गवगवा झाला. लहान कारखान्यांना हे झेपणार नाही, असे म्हणणे पडले, आणि ते खोटे नव्हते. २०२५ च्या मार्चमध्ये सेबीने पुरवठादारांचे हे प्रकरण ऐच्छिक करून टाकले. त्याच सुमारास युरोपनेही पाऊल मागे घेतले. तेथला असाच कायदा २०२३ च्या आरंभी अमलात आला होता; २०२५ च्या फेब्रुवारीत तो सैल करण्याचा मसुदा निघाला आणि वर्षाच्या अखेरीस तडजोड झाली ती अशी, की हजारावर नोकर आणि पंचेचाळीस कोटी युरोंवर उलाढाल असलेल्या कंपन्यांनीच अहवाल द्यावा. दुसऱ्या हाताने मात्र युरोपने एक दार घट्टही केले. लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते अशा मालावर, त्याच्या उत्पादनात किती कार्बन गेला हे पाहून आकारावयाचा सीमाकर १ जानेवारी २०२६ पासून खऱ्या अर्थाने सुरू झाला. त्यात नटबोल्टसुद्धा येतात. वागळे इस्टेटीत जे थोडे यंत्रकारखाने उरले आहेत त्यांपैकी कोणी तिकडे माल पाठवीत असेल तर त्याने हे ध्यानात ठेवावे.

“सर, मार्चनंतर आमच्याकडचे अर्धे फोन बंद झाले,” माझा विद्यार्थी सांगत होता. “शेठ म्हणाले, आता ऐच्छिक आहे ना, मग सावकाश पाहू. आणि खरे सांगू का? त्याआधी जे आकडे येत होते तेही तसेच. मी विचारावे, शेठ, पाणी किती? ते म्हणणार, तुम्हाला किती पाहिजे? तेवढे लिहा.”

या ‘तेवढे लिहा’मध्ये सगळ्या अहवालांचे दुर्दैव साठलेले आहे. जो आकडा तपासनीसासाठी लिहिला गेला त्याची किंमत कागदाइतकीच. नियम सैल झाला की तो रद्दीत जातो. जो आकडा मालकाने स्वतःसाठी लिहिला त्याला सेबी पुढे सरकली काय आणि ब्रुसेल्स मागे हटले काय, फरक पडत नाही. उद्या नवा नमुना आला तर त्यातूनच तो भरता येतो. फॉर्म पाच असो, गिऱ्हाइकाची प्रश्नावली असो की बँकेचा अर्ज असो, सगळ्यांना शेवटी तेच हवे असते: पाणी किती, कोळसा किती, वीज किती, गाळ किती, माणसे किती आणि त्यांतली जखमी किती. डोंबिवलीकराला कर्ज काढून यंत्र बदलावयाचे असेल तरीही हीच गोष्ट. २०२५ च्या जुलैत केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने लहान कारखान्यांसाठी एक योजना सुरू केली. तीत वीज-कोळसा वाचविणारी यंत्रे घेण्यासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजात सूक्ष्म व लघु उद्योगांना पाच टक्के आणि मध्यमांना तीन टक्के सवलत आहे. पण आधी किती जळत होते आणि आता किती जळेल, हे त्यातही दाखवावे लागते. ज्याच्याकडे कालचा आकडा नाही त्याने आजची बचत कशी सिद्ध करावी?

नियमांच्या अशा वावटळीतून रंगाचा धंदा पूर्वी एकदा गेलेला आहे. १९९४ साली जर्मनीने काही ॲझो रंगांवर बंदी घातली. त्या रंगांपासून कर्करोगकारक अमाइने सुटू शकतात म्हणून. आपल्याकडे तेव्हा असाच हलकल्लोळ झाला. हा व्यापारातला अडसर आहे, हे गोऱ्यांचे कारस्थान आहे, असे म्हणणारे पुष्कळ होते. आणि व्यापारात निखळ परोपकार कोण करतो? परंतु १९९७ साली भारत सरकारनेही सत्तर ॲझो रंगांना मनाई केली. आज बंदी घातलेला रंग नसल्याचे प्रमाणपत्र ही निर्यातीच्या कापडात इतकी साधी गोष्ट झाली आहे की तिचा कोणी उल्लेखही करीत नाही. ज्यांनी आपला रंग कोठून येतो याची नोंद लवकर ठेवली त्यांची पाळी पुढे लागली. याचा अर्थ प्रत्येक परदेशी नियम चांगलाच असतो असा नाही. तो परत जाईल या भरवशावर बसणे हा धंदा नव्हे, एवढाच.

आता या अहवालांबद्दल दोन तक्रारी सांगितल्या पाहिजेत, नाही तर मी त्यांचा दलाल ठरेन.

पहिली मापाची. कंपनीने एका रुपयाच्या उलाढालीमागे किती पाणी वापरले ते सांगावे, असे अहवालात असते. ऐकावयास छान वाटते. पण रंगाईचा दर मीटरला वीस रुपयांवरून पंचवीस झाला आणि पाणी तेवढेच लागले, तर रुपयामागचे पाणी वीस टक्क्यांनी ‘कमी’ होते आणि नदीला एक थेंबही परत मिळत नाही. भाववाढीने होणारी ही काटकसर फार सोपी आहे. नव्या नमुन्यात प्रत्यक्ष मालामागे, म्हणजे टनामागे किंवा मीटरमागे, काय लागले तेही मागतात. अहवाल वाचणाऱ्याने डोळे तेथे ठेवावेत. आणि लहान कारखानदाराने तर दुसरे माप घरात घेऊच नये. मीटरमागे लिटर. बस्स.

दुसरी तक्रार साक्षीदाराची. ज्याचा हिशेब तपासावयाचा त्यानेच तपासनीस नेमावयाचा आणि त्यानेच त्याची फी द्यावयाची, अशी जगाची रीत आहे. शेजारच्या गुजरातेत या रीतीची एकदा परीक्षा झाली. पुढे ज्यांना नोबेल मिळाले त्या एस्थर द्यूफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी तेथील प्रदूषण मंडळाबरोबर ४७३ कारखान्यांवर हा प्रयोग केला; २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. जुन्या पद्धतीत धुराड्याचे आकडे कसे येत? मर्यादेच्या अगदी खाली, एका ओळीत उभे राहिल्यासारखे! जणू काही सगळ्या धुराड्यांनी आपसात ठरविले होते. मग निम्म्या कारखान्यांना तपासनीस चिठ्ठी टाकून नेमून दिला, त्याची फी एका सामायिक निधीतून दिली आणि त्याच्या आकड्यांची मधूनमधून उलटतपासणी केली. तपासनीस खरे लिहू लागले. आणि त्याहून विशेष म्हणजे कारखान्यांनी प्रदूषण खरोखरच कमी केले. माणसे तीच होती, उपकरणेही तीच. २०२५ च्या ऑगस्टात केंद्राने पर्यावरण लेखापरीक्षणाचे नवे नियम काढले आहेत आणि नोंदणीकृत लेखापरीक्षकांचा वर्ग निर्माण करावयाचे ठरविले आहे. तो वर्ग गुजरातेतल्या प्रयोगाच्या पहिल्या निम्म्यासारखा होतो की दुसऱ्या, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

डोंबिवलीकराला हे सगळे कोरडे वाटेल, कारण त्याच्या मनात दुसरेच काही असते. २६ मे २०१६ रोजी येथील प्रोबेस कंपनीत स्फोट झाला. २३ मे २०२४ रोजी अमुदान केमिकल्समध्ये झाला. दोन्ही वेळा दहाहून अधिक माणसे दगावली, दूरवरच्या घरांची तावदाने फुटली आणि त्या दिवशी गावात प्रत्येकाने प्रत्येकाला फोन करून ‘तू आहेस ना?’ एवढेच विचारले. घातक कारखाने येथून हलवावेत अशा घोषणा झाल्या, पुन्हा झाल्या. कारखाना हलविणे ही काय किमतीची गोष्ट आहे ते कारखानदाराला सांगावयास नको, आणि तेथे काम करणाऱ्या हजारो माणसांनाही नको. शेजारच्या भूखंडावर कोणते रसायन किती साठविले आहे, ते कोण हाताळतो, त्याला शिकविले आहे काय, मागच्या वर्षी किती वेळा आग लागता लागता राहिली, हेही त्या कोऱ्या पानावरच लिहावयाचे असते. बड्या कंपन्यांच्या नमुन्यात कायम आणि कंत्राटी कामगारांचे अपघात दाखवावे लागतात. लहान कारखान्यात, जेथे बहुतेक माणसे कंत्राटीच, तेथे हा रकाना कोणी मागत नाही. पाण्याच्या आणि कोळशाच्या बचतीचे लाख मोजता येतात म्हणून मी ते वर मोजले. पण गावाने कारखान्याला शेजारी म्हणून राहू द्यावे, ही जी मालमत्ता आहे ती डोंबिवलीत आज सर्वांत महाग झालेली आहे आणि ती कोणत्याही बँकेकडून काढता येत नाही.

गावानेही थोडे करावयास हवे. या हजार कंपन्यांचे अहवाल कोणालाही फुकट वाचता येतात. पर्यावरणाची मंजुरी घेतलेल्या मोठ्या कारखान्यांनी आपला फॉर्म पाच संकेतस्थळावर ठेवावा अशी त्यांच्या मंजुरीत अट असते. ते वाचणारा एकही नागरिक नसेल तर ‘मागच्या वर्षी गेले तेच’ यंदाही जाईल. आमच्या भागात रविवारी व्याख्यानाला दोनशे माणसे सहज जमतात. त्यांतल्या दहाजणांनी वर्षातून एक दुपार या कागदांना दिली तरी लिहिणाऱ्याचा हात जरा जपून चालेल.

माझ्या विद्यार्थ्याने या उन्हाळ्यात माझ्याकडून एक काम करून घेतले. एमआयडीसीतल्या एका मध्यम रंगकारखान्याच्या शेठनी, नियम ऐच्छिक झाला तरी, “आकडे मला माझ्यासाठी पाहिजेत,” असे त्याला सांगितले होते. कंपन्यांकडून येणाऱ्या प्रश्नावल्या इंग्रजीत; मीटर वाचणारी माणसे खात्यातली, कोणी जळगावकडची, कोणी कोकणातली. तेव्हा, “सर, हे त्यांना कळेल असे करून द्या,” म्हणून तो चार कागद घेऊन आला. आम्ही त्यांचा एक केला. ‘जलतीव्रता’, ‘उत्सर्जन’ असे शब्द मी आधी घातले होते. ते त्यानेच खोडले. शेवटी उरले ते असे: काल मीटर किती, आज किती, कोळसा किती पाट्या, कापड किती मीटर, धुण्याचे पाणी किती गरम, कोणाला लागले का.

पंधरा दिवसांनी तो भरलेले कागद दाखवावयास घरी आला. बॉयलरवरच्या काकांनी कागदाच्या कडेला पेन्सिलीने स्वतःच एक रेघ मारून ‘शेरा’ असा रकाना वाढविला होता. पहिल्या दिवशी त्यात लिहिले होते: “तीन नंबर जिगरची वाफेची झडप गळते.” दुसऱ्या दिवशी: “झडप गळते.” चौथ्या दिवशी: “सांगितले. गळतेच आहे.” नवव्या दिवशी शेरा नव्हता, आणि त्या दिवसापासून कोळशाच्या रकान्यात दोन पाट्या कमी होत्या.